गुळातलं नाक

बापू,

माझं नाक एवढं लांब नाही. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. तू गेलास म्हणून हा वाद मिटला असं कुणी समजू नये. इतकी वर्षं तू तो जिंकल्यासारखा मिरवलास आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा उठून चालता झालास. ही तुझी खोड लहानपणापासूनची. सूरपारंब्यात तुझ्यावर राज्य आलं की तुला हटकून म्हशीची वैरण आठवायची. पण आता माझ्याकडं साक्षीदार आहे. तो कोण ते शेवटी सांगते, तोवर दम धर.

मी बसलेय आपल्या गुऱ्हाळाच्या खोपीत, तुझ्या जागेवर. चुलवणातला धूर बरोबर डोळ्यांत येतो असली ही जागा, इथं बसून तू चित्रं कशी काढायचास ते देवाला ठाऊक. समोर चुलवणावर काहिलीत उसाचा रस उकळतोय. हरीबा गुळव्या मळी काढता काढता माझ्याकडं चोरून बघतोय, कारण बाईमाणूस खोपीत बसून कागदावर लिहितंय हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. मघाशी त्यानं विचारलं, कुणाला लिहिताय आक्का? मी म्हटलं, बापूला. तर म्हणाला, लिवा, पर त्याला वाचायचा लय कंटाळा, जरा थोडक्यात लिवा.

तू गेलास तोही ऐन हंगामात. रानात ऊस तोडून पडलेला. तोडलेला ऊस सुतक बघत नाही, वाळत जातो. म्हणून भाऊकीतल्या माणसांनी तुझी राख सावडली आणि दुसऱ्या दिवशी चरकाला बैल जुंपले. घरात सुतक, तोंडाला गोड लावायचं नाही, आणि घराच्या कौलापर्यंत नुसता गुळाचा घमघमाट. रडायला बसलेल्या बायका मधूनच नाक वर करून वास घ्यायच्या आणि परत पदर डोळ्यांना लावायच्या. असला दुखवटा तुझाच व्हायचा. तू असतास तर हसून हसून लोळला असतास.

सुमीची गोष्ट तुला सांगायची गरज नाही, पण मला ती एकदा तुझ्यासमोर बोलायची होती आणि राहून गेली. लढाई चालू होती ते दिवस. साखर रेशनवर गेलेली. साताऱ्यात आमच्या सुमीला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना पोरीची भूक घेऊन गेला. पाच वर्षांची पोर, कडेवर घ्यावं तर वाळल्या चिपाडासारखी हलकी. भात पुढं केला की तोंड फिरवायची, दूध पाजलं की ओकायची. बोलणंही जवळजवळ सोडलेलं. डॉक्टर म्हणाले, अन्न पोटात गेलं नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही, हवापालट करून बघा. तुझे दाजी कचेरीतले कारकून, त्यांचं सगळं बोलणं अर्जात लिहिल्यासारखं. ते मला म्हणाले, तू हिला घेऊन माहेरी जा, चार दिवस मोकळी हवा खाऊ दे. एवढं बोलून ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मला कळलं की त्यांनी आशा सोडलीय.

इस्लामपूरला मोटारीतून उतरले तर तू गाडी घेऊन उभा. सुमीला बघून तुझा चेहरा उतरला. वाटेत मी डॉक्टरांचं, दाजींचं, सगळं सांगितलं. हवा खायला आणलीय म्हटलं. तू एवढंच म्हणालास, बरं.

दुसऱ्या दिवशी तू खोपीत पाट मांडलास. केळीचं पान धुऊन त्यावर ठेवलंस, भोवतीनं पाण्याचा हात फिरवलास आणि सुमीला समोर बसवलंस. पान रिकामं.

"हवा खायला आलीयास न्हवं? घे. ताजी हाय, आत्ताच नदीकडनं आलीया."

मी तुझ्यावर अशी तापले होते की काहिलीखालचा जाळ काढला असता तरी गूळ झाला असता. पोर मरणाच्या दारात आणि हा तिची थट्टा करतोय. तुला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, कागद चांगला आहे. तू मात्र चिमटीत हवा उचललीस, तोंडात टाकलीस, चावलीस आणि म्हणालास, जरा जाड दळलीया. मग हरीबाला बोलावलंस. त्यानं धोतराला हात पुसले, अदबीनं एक घास घेतला आणि मान डोलावली. मी अजून बोलतच होते. सुमी बराच वेळ पानाकडं बघत होती. मग तिनं बोट लावून बघितलं, बोट तोंडात घातलं आणि म्हणाली, "मामा, यात मीठ नाही."

एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून किती दिवसांनी आलं होतं. मी बोलता बोलता मध्येच थांबले. तारा, तुझी बायको, अजून सांगते की आक्का बोलता बोलता थांबलेली तिनं तेवढीच एकदा बघितली. तू गंभीरपणे हरीबाच्या गाठोड्यातलं मीठ आणून पानावर चिमूटभर वाढलंस. सुमीनं ते चाटलं. आणि ओकली नाही.

तिथून तुझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. पाक घट्ट व्हायला लागला की तू पळीभर काढून घ्यायचास आणि ओल्या केळीच्या पानावर धार सोडत चित्र काढायचास. गार झालं की कडक व्हायचं, उचलून खावं. चित्र कशाचं, तर माणसं बोलतात त्याचं. पोटात कावळे ओरडतात म्हणतात ना, मग दोन कावळे काढायचे आणि पोराला खायला घालायचे. आत गेले का? गेले. आता ओरडू देत. वस्तीवरच्या पोरांना वास लागायला वेळ लागला नाही. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं परत लावायचं नाही हा आपला रिवाज, आणि तो थोरांना ठाऊक नसला तरी पोरांना पाठ. हरीबा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, ह्या बापूच्या कावळ्यांनी माझी अर्धी ढेप खाल्ली.

सुमी मात्र बघायची, खायची नाही. तुझ्या मांडीला टेकून बसायची आणि विचारायची. मामा, कावळ्यांना पोटात अंधार वाटत नाही का? मामा, एक मेला तर दुसरा रडतो का? तुला विचारून झालं की मला विचारायची. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा स्वभाव तुला माहीत. रात्ररात्र जागून आधीच डोकं भणभणलेलं. एका दुपारी मी ओरडले, सुमे, माझं डोकं खाऊ नकोस.

तुझे कान असे उभे राहिले की मला तिथंच समजायला हवं होतं. तू सगळ्यात मोठं पान घेतलंस. आधी अंबाडा काढलास, मग कान, उघडं तोंड, त्यात जीभ, आणि मग नाक. बापू, ते नाक पानाच्या मधोमध सुरू झालं आणि कडेवरून पाटावर उतरलं. वर नथ. नथ एवढी, की तिच्यातून वासरू पलीकडं गेलं असतं. पोरं ओरडली, आक्का, आक्का. एकालाही विचारावं लागलं नाही हे मला जास्त लागलं.

"घे सुमे," तू म्हणालास. "रोज नको नको म्हणती न्हवं? आज खाऊनच टाक आयचं डोकं."

सुमीनं त्या चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिला हसू येत होतं आणि मी रागावेन म्हणून ती ते आवरत होती. पोर परवानगी मागत होती. मला नाकाचा राग आलेला, तुझा राग आलेला, पण ते हसू मला मोडायचं नव्हतं.

मी म्हटलं, "खा बाई. खा माझं डोकं."

तिनं अंबाडा मोडला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. मग एक कान खाल्ला. नाक उद्याला ठेवायचं म्हणाली, कारण ते आज संपणार नव्हतं. मी उठून चिपाडाच्या ढिगामागं गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. परत आल्यावर तू विचारलंस, डोळ्यांना काय झालं? मी म्हटलं, धूर. तू म्हणालास, व्हय, आज लय धूर हाय.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून आईचं डोकं मागितलं. तेव्हा तू नियम काढलास, डोकं नुसतं पचत न्हाई, भाकरीसंगं खायाचं. मग भाकरी. मग भाकरीला दूध. तारानं हळूच वरणभात पुढं सरकवला तर तोही गेला. रोज माझं एक डोकं. गावातल्या बायका विचारायच्या, काय औषध चालू केलं? मी काय सांगणार? माझी पोर तुझ्या पळीनं वाचली, बापू. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगायला गेले की तू नाकाचा विषय काढायचास आणि आपलं भांडण जुंपायचं. आता ऐक. माझी पोर तुझ्यामुळं वाचली.

बरी झाल्यावर तू तिला गुळाच्या गाडीतून सांगलीला नेलंस, ते आठवतं? घरी तू एकदा बोलून गेला होतास की पेठेतला तो अडत्या यंदा फार भाव खातो. झालं. दुकानात चारचौघं हळदीचे आणि गुळाचे व्यापारी बसलेले, आणि आमची बाई गादीवर चढून विचारते, शेठजी, तुम्ही खाता तो भाव मला दाखवा ना, मामा काढून देत नाही.  तू म्हणे छताकडं बघायला लागलास. शेवटी तो शेठच असा हसला की त्याची पगडी कलली. सुमीला मूठभर बेदाणे दिले. दर मात्र होता तसाच ठेवला.

आणि शाळेतल्या त्या प्रकाराला तूच जबाबदार. तुझ्या खोपीत मार म्हणजे गुळाची छडी. पोरं सकाळी उठून तुझ्या दारात यायची, मामा, आज मला मार द्या. गुरुजींनी एकाला दरडावलं, मार खायचाय का रे? तर ते लेकरू उभं राहून म्हणालं, "व्हय गुर्जी, मला मोठा द्या." त्याला मिळाला तो गुळाचा नव्हता. गुरुजी संध्याकाळी तुझ्याकडं तक्रार घेऊन आले आणि जाताना हातात पान घेऊन गेले. पानात काय होतं ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

कच कशी दिसते याचाही निकाल लागला नाही. पलटणीतून आलेला कुणी लढाईच्या गप्पा मारताना म्हणाला, आमच्या तुकडीनं कच खाल्ली नाही. पोरांनी लगेच तुला धरलं, मामा, कच काढा. तू वाळकासारखं लांबट काहीतरी काढलंस. मी म्हटलं, कच असली नसते, तिला दाते असतात. दाजींनी चष्मा पुसून सांगितलं की संस्कृतात कच म्हणजे केस. तू म्हणालास, मग केस कोण खाईल, बरोबरच केलं त्या तुकडीनं. पुढच्या साली परत तोच वाद, त्याच्या पुढच्या साली परत. दर हंगामाला तुझी कच थोडी बदललेली असायची, पण तू माघार घेतली नाहीस.

मी तुझं एकही चित्र खाल्लं नाही. तुला सांगितलं होतं, माझं नाक बेताचं काढशील त्या दिवशी खाईन. मग तू दर साली नाक वाढवायला लागलास. हंगाम सुरू झाला की साताऱ्याकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पानात बांधलेलं माझं डोकं यायचं. मोटारीच्या हादऱ्यानं नाक तुटलेलं असायचं, आणि सोबत तुझा निरोप, आक्काला म्हणावं, पोचेस्तवर नाक आपोआप बेताचं हुतंय. मी पान ढकलून द्यायचे आणि येणाऱ्याबरोबर तुला चार शब्द सुनावून पाठवायचे. डोकं खायचे ते तुझे दाजी. एवढ्या गोडीनं त्यांनी माझं डोकं एरवी कधी खाल्लं नाही.

यंदा पान आलं नाही. मी वाट बघत होते, हे कुणाला सांगितलं नाही. चार चांगले शब्द तयार करून ठेवले होते. आणि तार आली.

मला वाटलं होतं मी धडधाकट बाई आहे. इथं आले आणि माझं अन्नच उतरेना. भाकरी तोंडात फिरायची, खाली जायची नाही. बायका म्हणायला लागल्या, आक्कानं हाय खाल्ली. मला त्यातही तूच आठवलास, म्हटलं, यानं ही हाय कशी काढली असती. तारा ताट घेऊन माझ्यापुढं बसायची. तिचं कुंकू गेलं आणि ती मला घास भरवते, याची मला लाज वाटायची, पण घास काही जायचा नाही. दाजी परत खिडकीकडं तोंड करून उभे राहिलेले मी बघितले.

परवा तुझं गोडाचं जेवण. पानं मांडली, पुरणपोळ्या वाढल्या. घरच्यांनी तोंड गोड करायचं आणि दुखवटा सोडायचा. भाऊकीतल्या म्हाताऱ्या काकी माझ्या मागं लागल्या, आक्का, तू थोरली, तू घास घेतल्याशिवाय तारा कशी घेईल? मी पान सरकवलं. म्हटलं, मला नको. तुझ्याशिवाय गोड खायचं म्हणजे तू गेलास हे मान्य करायचं. ते मला करायचं नव्हतं.

सुमी पंगतीतून उठून गेली. आता ती परकर सावरत चालणारी मुलगी झालीय, माझ्या खांद्याला लागते. बऱ्याच वेळानं परत आली ती केळीचं पान दोन्ही हातांवर घेऊन, आणि मागं हरीबा पळी घेऊन. तिनं पान माझ्यासमोर ठेवलं. अंबाडा, उघडं तोंड, जीभ, नथ. आणि नाक, बापू. तुझ्यापेक्षा लांब. पानाबाहेर गेलं होतं म्हणून तिनं त्याला दुसरं पान जोडलं होतं.

पंगतीतली माणसं माना वाकवून बघायला लागली. मग म्हाताऱ्या काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. तारा बघत राहिली, आणि मग तीही हसली, रडत रडत हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"आई, खा," सुमी म्हणाली. "नुसतं पचत नाही, पोळीबरोबर खा."

 मी तिला विचारलं, "माझं नाक एवढं लांब आहे का गं?"

"नाही. मामा म्हणायचा, आईचं नाक बेताचंच आहे. पण बेताचं काढलं तर आक्का भांडायची न्हाई. आणि भांडली न्हाई तर वर्षभर करमायचं न्हाई."

म्हणजे तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं. मी वाद जिंकले, बापू, भर पंगतीत, साक्षीदारासकट, आणि ज्याला हरवायचं तो माणूसच जागेवर नव्हता. मी नाक मोडलं. पोळीबरोबर खाल्लं. घास उतरला. मग तारानं तिचा घेतला. एवढं लांब नाक, सगळ्या पंगतीला पुरलं.

आता लिहिणं आवरतं घेते, कारण इथं गर्दी व्हायला लागलीय. पोरं आपापली पानं घेऊन चुलवणाभोवती उभी आहेत आणि हरीबा कपाळाला हात लावून बसलाय. पाक आलाय. तुझ्या जागेवरून मला उठवून सुमी पळी घेऊन बसलीय. पोरांना आज मामाचं डोकं खायचंय म्हणे. ती मला विचारतीय, आई, मामाचं नाक कसं काढू?

मी सांगितलंय, लांब काढ. चांगलं पाटाखाली उतरू दे. येऊ दे त्याला भांडायला.